उघडे दार : पंडिता रमाबाईंच्या जीवनातील एकांत-प्रार्थना

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र मराठीत अनेकांनी लिहिले आहे. देवदत्त नारायण टिळक यांच्या १९६० सालच्या चरित्रग्रंथापासून अलीकडच्या स्त्रीवादी अभ्यासापर्यंत ही परंपरा अखंड आहे. या लेखनातून रमाबाईंची तीन रूपे प्रामुख्याने पुढे येतात : संस्कृत विदुषी, स्त्रियांच्या कैवारी समाजसुधारक आणि धर्मांतरामुळे आपल्या समाजापासून तुटलेली बंडखोर स्त्री. त्यांच्या प्रार्थनाशीलतेचा उल्लेख या सर्व ग्रंथांत आढळतो; परंतु तो बहुधा स्वभावविशेष म्हणून, एखाद्या विशेषणासारखा येतो. ही प्रार्थना दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोठे होत असे, ती करताना दार उघडे असे की मिटलेले, आणि त्या दाराची किंमत कोणाला मोजावी लागली, हे प्रश्न चरित्रविषयक म्हणून फारसे विचारले गेलेले नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या अनुरोधाने रमाबाईंचे जीवन पुन्हा पाहण्याचा प्रयत्न केला आहे. १८९३ सालचा शारदा सदनाचा वाद हा केवळ धर्मांतराचा वाद नव्हता. एका स्त्रीला स्वतःच्या प्रार्थनेसाठी खोली असावी काय, आणि त्या खोलीचे दार कोणासाठी उघडे असावे, हाही त्यातील मुद्दा होता, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१

ख्रिस्ती जीवनात एकांत-प्रार्थनेला जे स्थान आहे, त्याचा आधार शुभवर्तमानांतच आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना लोकांना दिसावी म्हणून केलेल्या प्रार्थनेपासून सावध करतो आणि खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे प्रार्थना करण्यास सांगतो. मार्काच्या पहिल्या अध्यायात तो स्वतः पहाटेच्या अंधारात उठून निर्जन स्थळी जातो. लूकच्या शुभवर्तमानात तर गर्दी वाढू लागली की तो अरण्यात किंवा डोंगरावर निघून जातो, असे वारंवार येते. म्हणजे दोन प्रकारचे एकांत येथे सांगितले आहेत. एक घरातील मिटल्या दाराचा, दुसरा घराबाहेरील डोंगराचा.

मराठी संतपरंपरेला यांतील दुसरा प्रकार चांगला परिचित आहे. तुकोबांचे भामनाथ आणि भंडारा हे डोंगर, समर्थांची शिवथर घळ ही त्याची उदाहरणे होत. परंतु डोंगरावरील एकांत हा बहुतांशी पुरुषांचा एकांत होता, हे नजरेआड करता येत नाही. तुकोबा भंडाऱ्यावर असत तेव्हा त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढणारी जिजाई परंपरेनेच आपल्यापुढे ठेवली आहे. तिच्या वाट्याला एकांत आला काय, हा प्रश्न परंपरेने विचारला नाही.

पहिल्या प्रकारच्या, म्हणजे घरातील एकांताची स्थिती तर आणखी निराळी आहे. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातले युसूफ वडगाव घ्या किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. जुन्या माळवदाच्या घरात ढेलज असते, ओसरी असते, माजघर असते, परंतु दार लावून एकटे बसावे अशी खोली घरातील बाईसाठी क्वचितच असते. दिवसा दार लावून घेणे हे आजारपणाचे, सुतकाचे किंवा भांडणाचे लक्षण समजले जाते. देव बहुधा स्वयंपाकघराच्या भिंतीतील देवळीत असतात, आणि देवळीला दार नसते. घरातील बाई देवापुढे हात जोडते तेव्हा चुलीवर काहीतरी शिजत असते आणि पदराला मूल धरून असते. अशा समाजातील स्त्रीने मत्तयाचा सहावा अध्याय वाचला तर त्यातील मिटलेले दार तिने कोठे शोधावे? रमाबाईंच्या चरित्राकडे वळताना हा प्रश्न मनात ठेवणे आवश्यक आहे.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्याचे धाडस केले होते आणि त्यासाठी जवळच्या लोकांचा विरोध पत्करून रानात आश्रम थाटला होता. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना हे कुटुंब तेथून निघाले आणि पुढे सुमारे सोळा वर्षे तीर्थयात्रा करीत भटकत राहिले. मुलीने आईकडून संस्कृत शिकावे, भागवत मुखोद्गत करावे आणि देवळाच्या सभामंडपात पुराण वाचावे, असा हा दिनक्रम होता.

या बालपणाचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. डोंगरे कुटुंबाची उपासना सर्वस्वी उघड्यावरची होती. पुराण ऐकण्यासाठी येणारे यात्रेकरू समोर जे ठेवतील त्यावर कुटुंबाची गुजराण चाले. स्नान, जप, प्रदक्षिणा, उपास, ब्राह्मणभोजन यांना तोटा नव्हता. परंतु घरच नसल्यामुळे खोली नव्हती, आणि खोलीच नसल्यामुळे दाराचा प्रश्न नव्हता. ईश्वराशी जे काही बोलणे होई ते शास्त्राने ठरवून दिलेल्या शब्दांत, ठरवून दिलेल्या स्थळी आणि चारचौघांच्या देखत होई.

१८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात हे सारे कोसळले. हातचे द्रव्य धर्मकृत्यांत संपले होते, अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागणे अपमानाचे वाटत होते. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. देवळादेवळांतून केलेल्या प्रार्थनांना उत्तर मिळाले नाही, हा या भावंडांचा अनुभव होता. येथे रमाबाईंच्या मनातील श्रद्धा हलली, असे चरित्रकार सांगतात आणि ते योग्यच आहे. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की हलली ती सार्वजनिक उपासनेवरील श्रद्धा होय; एकांतातील प्रार्थनेचा अनुभव त्यांना अद्याप आलेलाच नव्हता.

३

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. एका ख्रिस्ती मेळाव्याचे निमंत्रण आले होते. तेथे मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बोलू लागली. समोर मूर्ती नव्हती, त्यामुळे हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करीत असावेत असा या दोन शास्त्रज्ञ भावंडांचा समज झाला. रमाबाईंनी हा प्रसंग पुढे आपल्या साक्षीत नोंदविला आहे. त्यातील विनोद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट ध्यानात येते : ज्याच्याशी बोलायचे तो डोळ्यांपुढे नसताना बोलणे, हीच कल्पना त्या वेळी त्यांना नवी होती.

१८८० मध्ये भावाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात आणि प्रांत दोन्ही निराळे असलेला हा विवाह त्या काळात खळबळजनक ठरला. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. बाविसाव्या वर्षी रमाबाईंना आयुष्यातील पहिले घर मिळाले आणि त्या घरात पतीचा ग्रंथसंग्रह होता. त्या संग्रहात त्यांना बंगालीतील लूकचे शुभवर्तमान सापडले. ते तेथे कसे आले हे त्यांना कळले नाही. परंतु त्या ते वाचू लागल्या, आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून बायबल समजून घेऊ लागल्या. पत्नी ख्रिस्ती होईल की काय, या शंकेने बिपिनबाबू अस्वस्थ झाले.

रमाबाईंच्या हाती प्रथम लूकचे शुभवर्तमान यावे, हा योगायोग उल्लेखनीय आहे. येशूला एकट्याने प्रार्थना करताना दाखविणारे प्रसंग सर्वाधिक याच शुभवर्तमानात आहेत. शिवाय हे वाचन घरातले, एकटीचे आणि पतीच्या नाराजीच्या सावटाखाली झालेले होते. सभामंडपात शेकडो लोकांसमोर वाचणाऱ्या मुलीने स्वतःसाठी केलेले हे बहुधा पहिले धर्मवाचन होय.

४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचा मृत्यू झाला. दहा महिन्यांच्या मनोरमेला घेऊन रमाबाई महाराष्ट्रात आल्या. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापला, 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. सभा, भाषणे आणि वृत्तपत्रीय चर्चा यांनी हे वर्ष भरून गेले होते. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

४

इंग्लंडमध्ये त्या ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला राहिल्या. तेथे त्यांनी प्रार्थनेला दिवसाच्या वेळापत्रकात जागा दिलेली पाहिली. ठरावीक घंटेला ठरावीक उपासना, ठरावीक वेळी मौन, आणि या दोहोंच्या मध्ये काम, असा तो क्रम होता. लंडनच्या फुलहॅम भागात याच संघाच्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करीत. त्यांचे काम पाहून रमाबाई विशेष प्रभावित झाल्या. प्रार्थनेचा एकांत आणि पतितांची सेवा एकाच दिवसात बसू शकतात, हे त्यांना येथे प्रत्यक्ष दिसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

तथापि दुसऱ्याने लावून दिलेल्या घंटेवर रमाबाई फार काळ समाधानी राहिल्या नाहीत. १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत आणि संस्कृत शिकवीत होत्या. त्या वेळी सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रकाशित झाला. श्रद्धेच्या बाबतीत अधिकार कोणाचा, चर्चचा की स्वतःच्या सदसद्विवेकाचा, हा या पत्रांचा गाभा आहे. त्यात एक लहानसा प्रसंग आहे. आपल्याला दिलेल्या क्रॉसवर लॅटिन शब्द असावेत, याला रमाबाईंनी हरकत घेतली. शब्द हवेतच तर ते संस्कृत असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या भाषेचे आपल्याशी नाते नाही त्या भाषेत ईश्वरापुढे उभे राहण्यास त्या तयार नव्हत्या. हा आग्रह पुढे त्यांच्या जीवनातील शेवटच्या कार्यात फळास आला.

कानाचा दोष वाढत गेल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक, देशभर व्याख्याने आणि बोस्टन येथे डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन, हे त्या दौऱ्याचे फलित होय. विधवांसाठी काढावयाच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे असोसिएशनने मान्य केले. शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होणार नाही, ही तिची पायाभूत भूमिका होती.

५

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि नोव्हेंबर १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या; पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सदनाच्या सल्लागार मंडळावर होते. मुलींना आपापले सोवळे आणि व्रतवैकल्ये पाळण्याची मोकळीक होती.

याच काळात रमाबाईंच्या अंतर्जीवनात मोठा पालट झाला. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली तरी आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्ताला स्वीकारले नाही, असे त्यांना वाटू लागले. १८९१ च्या सुमारास ही तळमळ निवळली आणि एका व्यक्तीशी व्यक्तीने बोलावे अशी प्रार्थना त्यांच्या जीवनात आली. सकाळी त्या आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावीत नसत.

एवढ्याशा गोष्टीतून १८९३ चा वाद उद्भवला. काही मुली दाराशी येऊन बसू लागल्या, काही आत येऊ लागल्या आणि काही गुडघे टेकू लागल्या. ही बातमी पालकांपर्यंत आणि वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. 'केसरी'ने सदनावर टीकेची झोड उठविली. सल्लागारांनी खुलासा मागितला. मुलींवर सक्ती नाही, त्यांना बोलावणे नाही, परंतु आपल्या खोलीचे दार आपण लावणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका राहिली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदनाशी असलेला संबंध तोडला. पाठोपाठ वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. बोस्टनच्या असोसिएशनने मात्र रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला.

या वादात दोन्ही बाजूंना प्रार्थनेचे मोल ठाऊक होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. रानडे आणि भांडारकर हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. समाजाच्या नावातच प्रार्थना होती. रानडे पहाटे उठून अभंग म्हणत आणि त्यांत तल्लीन होऊन जात, हे त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या ग्रंथात नोंदविले आहे. त्या पहाटेच्या अभंगांना दार नव्हते. ते घरातील माणसांच्या कानावर पडत. घरातील वडीलधाऱ्या माणसाची उपासना लहानांच्या कानावर पडावी, यात आपल्याकडे कोणाला काही वावगे वाटत नव्हते. रमाबाईंनी आपल्या घरात जे केले ते स्वरूपतः याहून वेगळे नव्हते. वेगळा होता तो देव.

तरीही सल्लागारांची अडचण खोटी ठरवून चालणार नाही. सदन हे घर होते तशी ती सार्वजनिक संस्थाही होती. मुलींच्या पालकांना या गृहस्थांनी आपल्या शब्दाचा आधार दिला होता. जिला सासर-माहेर दोन्ही पारखे झाले आहे, अशा सोळा वर्षांच्या विधवेला ज्या बाईने अन्न, वस्त्र आणि अक्षर दिले, त्या बाईची प्रार्थना ही केवळ तिची खासगी बाब राहत नाही. प्रेम हेही एक वजन असते. दार उघडे ठेवणे म्हणजे बोलावणे नव्हे, हे रमाबाईंचे म्हणणे खरे होते. परंतु ते दार कोणापुढे उघडे आहे, याचा विचार सल्लागारांनी केला तोही अनाठायी नव्हता. गोदूबाईंसारखी सदनात वाढलेली स्त्री हिंदूच राहिली, यावरून सक्ती नव्हती एवढे सिद्ध होते. ओढ नव्हती हे सिद्ध होत नाही.

मग रमाबाईंनी दार लावून का घेतले नाही? मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आधार घेऊन त्या तसे सहज करू शकत होत्या. वाद मिटला असता आणि सदनाची प्रतिष्ठा राहिली असती. याचे उत्तर त्यांच्या पूर्वायुष्यात शोधावे लागते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील मिटलेले दार हे प्रतिष्ठेसाठी प्रार्थना करणाऱ्यांकरिता सांगितले आहे. लोकांनी पाहावे आणि मान द्यावा, या मोहाविरुद्ध ते आहे. रमाबाईंपुढे नेमका उलटा मोह होता. लोकांनी पाहू नये आणि मान कायम राहावा, असा तो होता. ज्या प्रार्थनेने मान वाढतो ती मिटल्या दाराआड करावी. ज्या प्रार्थनेने मान जातो तिचे दार मिटणे म्हणजे लपणे होय. त्यांच्या कृतीमागील विवेक असा असावा, असे त्यांचे एकूण चरित्र पाहता म्हणता येते. सिल्चरच्या घरात पतीच्या नाराजीत एकटीने वाचणाऱ्या या स्त्रीला आता स्वतःच्या घरात चोरून वाचावयाचे नव्हते.

६

त्यानंतरच्या काळात रमाबाईंना डोंगरावरील एकांतही लाभला. लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचे उपासना-मेळावे भरत. १८९६–९७ च्या दुष्काळापूर्वीच्या अशा एका मेळाव्यास त्या ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. एका पहाटे, उजाडण्यापूर्वी, त्या एकट्याच रानात गेल्या आणि तेथे प्रार्थना करताना त्यांनी पंधरा या संख्येचा वर्ग मागितला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे दोनशे पंचवीस. ज्या सदनात तेव्हा पन्नासाच्या आसपास मुली होत्या, त्या सदनाच्या चालिकेने असे मागणे मागावे, यातील धिटाई स्पष्ट आहे. निर्जन रानात स्त्रीने एकटीने केलेल्या प्रार्थनेची नोंद मराठी चरित्रवाङ्मयात विरळच आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुष्काळ आला आणि संख्या खरोखरच वाढली. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली-स्त्रिया घेऊन आल्या. स्वतःच्या आईवडिलांचे दुष्काळातील मरण त्या विसरल्या नव्हत्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने या सर्वांना केडगावच्या माळावर, आधी विकत घेतलेल्या शंभर एकर जमिनीवर ठेवण्यात आले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध स्त्रियांसाठी वर्ग, पतित स्त्रियांसाठी निराळे घर, असा मोठा पसारा झाला.

या पसाऱ्यात प्रार्थनेचे रूप बदलले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी हाक दिली. सत्तर जणी जमल्या; पुढे ही संख्या शेकड्यांनी वाढली. जूनच्या अखेरीस प्रसिद्ध जागृती झाली. रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या शांतपणे बोलत असता मुली एकाएकी मोठ्याने रडू आणि प्रार्थना करू लागल्या. शेकडो कंठ एकाच वेळी प्रार्थना करीत असल्याचा हा प्रकार काही मिशनऱ्यांनाही रुचला नाही. रमाबाईंनी मात्र मुलींना गप्प केले नाही. आपल्या पद्धतीने ईश्वराशी बोलण्याचा जो अधिकार त्यांनी वाँटेजमध्ये स्वतःसाठी मागितला होता, तो येथे त्यांनी खेड्यातील निरक्षर मुलींना दिला, असे म्हणता येते.

पण येथेही एक प्रश्न उरतो. शारदा सदनात उघड्या दाराशी येणे वा न येणे मुलीच्या हाती होते, आणि तिच्यामागे तक्रार करावयास पालक होते. मुक्तीत मुली अनाथ होत्या आणि दिवस प्रार्थनेच्या घंटेने बांधलेला होता. उघड्या दाराच्या जागी आता दार नसलेले एक विशाल उपासनामंदिर आले होते. तेथे प्रार्थना न करण्याचा एकांत किती जणींना मिळाला असेल, हा प्रश्न विचारल्याने रमाबाईंच्या कार्याचे मोल कमी होत नाही. ज्यांच्या वाट्याला अन्यथा मृत्यूच होता त्यांना त्यांनी जगविले. परंतु एकांताचा इतिहास लिहिताना हा प्रश्न टाळणे प्रामाणिक होणार नाही.

७

आयुष्याच्या शेवटच्या सुमारे अठरा वर्षांत रमाबाईंनी स्वतःचा एकांत पुन्हा मिळविला, तो बायबलच्या भाषांतराच्या रूपाने. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील स्त्रियांना कळत नाही, असे त्यांना दिसले होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम त्यांनी एकटीने अंगावर घेतले. संस्थेचा दैनंदिन कारभार हळूहळू मनोरमाबाई आणि इतर सहकारी पाहू लागल्या. ज्या संस्कृत विद्येने त्यांना पंडिता ही पदवी दिली, तिचा भार आपल्या मराठीतून उतरविण्याची धडपड त्या या भाषांतरात करीत होत्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, संस्थेत वाढलेल्या स्त्रियांच्या हातून होत होती.

या कामाकडे एकांत-प्रार्थनेच्या दृष्टीने पाहिले की त्याचा अर्थ उलगडतो. कान मंद झालेले, शरीर थकलेले, समोर हिब्रूचे पान आणि शेजारी मराठीचा कोरा कागद, अशी ही खोली होती. येथे वाचन, मनन आणि मागणे ही निराळी राहिली नव्हती. पुराण सांगणाऱ्या मुलीने शेवटी पुन्हा एका धर्मग्रंथाशीच आयुष्य बांधले. फरक इतकाच की आता समोर श्रोते नव्हते, आणि श्रोत्यांनी ठेवलेल्या पैशांवर जेवण अवलंबून नव्हते.

नारायण वामन टिळकांशी येथे तुलना करण्याचा मोह होतो. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचा मार्ग धरला आणि अभंग-कीर्तनाच्या परंपरेतून ख्रिस्तभक्तीला मराठी रूप दिले. रमाबाईंना परंपरेशी असा सलोखा साधता आला नाही. त्या परंपरेने आपल्या आईवडिलांना काय दिले हे त्यांनी पाहिले होते. टिळकांचा एकांत काव्यात व्यक्त झाला, रमाबाईंचा एकांत भाषांतरात विरून गेला. भाषांतरकाराचे नाव वाचकाच्या मनात राहत नाही, आणि रमाबाईंचे भाषांतर तर चर्चमध्ये रूढही झाले नाही.

मनोरमाबाईंनी निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथेही मुलींच्या शिक्षणाचे काम उभे केले होते. २४ जुलै १९२१ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. सकाळच्या प्रार्थनेला जी मुलगी सदैव शेजारी असे ती गेली. रमाबाई पुढचे आठ महिने मुद्रिते तपासीत राहिल्या. काम पुरे होईपर्यंत त्यांनी ईश्वराकडे आयुष्य मागून घेतले, अशी आख्यायिका मुक्तीत सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

८

वरील विवेचनावरून असे दिसते, की रमाबाईंच्या जीवनात एकांत-प्रार्थना ही सहज मिळालेली गोष्ट नव्हती. ती टप्प्याटप्प्याने मिळवावी लागली. बालपणी खोली नव्हती. सिल्चरला खोली होती, पण मोकळीक नव्हती. वाँटेजमध्ये वेळ होता, पण घंटा दुसऱ्याच्या हाती होती. पुण्यात खोली, वेळ आणि मोकळीक तिन्ही मिळाली, तेव्हा त्यांनी दार उघडे ठेवले आणि त्यासाठी महाराष्ट्रातील आपला उरलासुरला आधार गमावला. केडगावला घंटा त्यांच्याच हाती आली, आणि तिच्या नादात इतरांच्या एकांताचा प्रश्न मागे पडला.

संपूर्ण बायबलचे भाषांतर करताना मत्तयाचा सहावा अध्यायही त्यांच्या हातून गेला. ज्या बाईने दार लावले नाही म्हणून तिच्याशी पुण्यातील मोठी माणसे अंतरली, तिला खोलीत जाऊन दार लावण्याचा तो आदेश मराठीत लिहावा लागला; आणि तोही ज्या स्त्रियांच्या घरांत देवळीला दार नसते, त्यांना कळेल असा. ते वाक्य लिहिताना त्यांची लेखणी थांबली असेल काय, हे चरित्र सांगत नाही. ज्या खोलीत ते लिहिले गेले तिचे दार त्या वेळी उघडे होते की मिटलेले, हेही सांगत नाही. एकांताच्या इतिहासात अशी एखादी जागा रिकामी राहणे स्वाभाविकच आहे.